आसनांचा छंद

(सभामंडपात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



कीर्तनाला किंवा पारायणाला बसलेल्या मंडळींकडे जरा निरखून पाहिले तर एक गोष्ट ध्यानात येते. पूर्वी सतरंजीवर मांडी घालून दोन-दोन तास बसणारी माणसे आता मागे प्लास्टिकच्या खुर्च्यांची रांग लावून बसतात. पंगतीतही तेच. लग्नाच्या जेवणाला टेबल-खुर्ची आली ती शहराची ऐट म्हणून आली असे म्हणतात, परंतु ते अर्धेच खरे आहे. पुष्कळांना खाली बसता येत नाही आणि बसले तर उठता येत नाही, हे त्यातले दुसरे अर्धे. साठी उलटलेल्यांचे समजू शकते. पण चाळिशीतली माणसेही गुडघ्यावर हात टेकून 'अरे देवा' म्हणत उठतात, तेव्हा विचार करण्याची वेळ येते.

ह्यावर गावात एक उत्तर ठरलेले असते. ''आम्ही शेतात राबणारी माणसे, आम्हाला कसली आसने? ती बसून पगार खाणाऱ्यांनी करावीत.'' हे उत्तर तपासून पाहिले पाहिजे. राबल्याने ताकद येते, दम येतो, ह्यात शंका नाही. परंतु राबताना शरीर बहुधा एकाच बाजूने वापरले जाते. खुरपणी करणारी बाई दिवसभर पुढे वाकलेली असते. भात लावणारा, ऊस तोडणारा, कांदा काढणारा, सगळे पुढेच वाकतात. पाण्याची कळशी वर्षानुवर्षे एकाच कमरेवर येते. मागे वाकण्याचा प्रसंग दिवसात क्वचितच येतो. कचेरीत टेबलावर वाकलेल्या कारकुनाचीही तीच गत, फक्त त्याला घाम येत नाही. तेव्हा पाठीच्या बाबतीत शेतकरी आणि कारकून हे सख्खे भाऊच समजावेत. दिवसभर जे वाकणे झाले त्याच्या उलट बाजूला शरीर थोडे नेणे आणि आखडलेले हळूहळू सोडवणे, हे आसनांचे काम आहे.

ही विद्या आपल्या मातीला परकी नाही. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात योग्याने कुठे व कसे बसावे ह्याचे वर्णन आहे, ते पारायणात सर्वांच्या कानावरून गेलेले आहे. पतंजलींच्या योगसूत्रांत आसनाला तीनच सूत्रे दिली आहेत, आणि बैठक डळमळू नये व तिच्यात त्रास नसावा, एवढीच त्यांची अपेक्षा आहे. सातारा जिल्ह्यातील औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी (१८६८–१९५१) हे स्वतः नेमाने सूर्यनमस्कार घालीत व संस्थानातील शाळांतही त्यांनी ते सुरू केले होते. अमळनेर येथे शिक्षक असलेले जगन्नाथ गणेश गुणे पुढे स्वामी कुवलयानंद झाले. त्यांनी १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापन केले आणि योगक्रिया करताना पोटात नेमके काय घडते हे क्ष-किरण यंत्राने पाहण्याचा प्रयत्न केला. श्रद्धेच्या गोष्टीला यंत्रासमोर उभे करण्याचे धैर्य त्या काळी थोड्यांपाशी होते.

परंतु छंद म्हणून आसने शिकणाऱ्याने ज्यांचे चरित्र जरूर लक्षात ठेवावे, ते पुण्याचे बी. के. एस. अय्यंगार. त्यांचा जन्म कर्नाटकातील बेल्लूर ह्या लहान गावी १४ डिसेंबर १९१८ रोजी झाला. त्या साली इन्फ्लुएन्झाची भयंकर साथ होती. मूल जन्मापासूनच अशक्त. पुढे हिवताप, विषमज्वर, क्षय असे एकामागून एक आजार झाले. वडील लहानपणीच वारले. अशा मुलाला म्हैसूर येथे त्याच्या बहिणीचे यजमान, योगाचार्य कृष्णम्माचार्य, ह्यांच्याकडे आसरा मिळाला. तिथे आसनांशी गाठ पडली ती प्रकृती सुधारावी एवढ्यासाठी. शरीर इतके आखडलेले होते की पुढे वाकले तर हात जमिनीपासून दूरच राहत. १९३७ साली गुरूंनी त्यांना सहा महिन्यांकरिता पुण्यास शिकवायला पाठविले. वय अवघे अठरा, मराठी येत नाही, गावात ओळख नाही. विद्यार्थी त्यांच्यापेक्षा वयाने मोठे आणि अंगाने दणकट. ते सहा महिने संपले, पण अय्यंगार पुण्यातच राहिले, आणि २० ऑगस्ट २०१४ रोजी, वयाच्या पंचाण्णवाव्या वर्षी, पुण्यातच त्यांनी देह ठेवला. मधल्या काळात, १९६६ साली, दोनशेहून अधिक आसने चित्रांसह समजावून सांगणारा त्यांचा इंग्रजी ग्रंथ निघाला आणि जगभर गेला.

गावकऱ्यांच्या दृष्टीने त्यांचे सर्वांत उपयोगी काम निराळेच आहे. ज्याचे शरीर वाकत नाही त्याच्यासाठी त्यांनी आसन जमिनीवरून वर आणले. हात खाली पोहोचत नाही? हाताखाली वीट ठेवा. बसताना पाठ गोल होते? बुडाखाली घोंगडीची घडी घ्या. तोल जातो? भिंतीला पाठ लावा. खुर्ची, दोरी, तक्क्या, पट्टा ही त्यांच्या शाळेतील साधने. ह्यांतली कोणती वस्तू आपल्या घरात नाही?

आता छंद ह्या शब्दाविषयी थोडे. संयुक्त राष्ट्रसंघाने २०१४ च्या डिसेंबरात २१ जून हा आंतरराष्ट्रीय योग दिन जाहीर केला आणि २०१५ पासून शाळा-कचेऱ्यांतून तो पाळला जातो. ही आनंदाची बाब आहे. परंतु पुष्कळ ठिकाणी फोटो निघतात आणि २२ तारखेला सतरंज्या गुंडाळून ठेवल्या जातात. एका दिवसात शंभर नमस्कार घालून आठवडाभर लंगडणारा मनुष्य पुन्हा सतरंजीकडे फिरकत नाही. छंदाचे तसे नसते. भजनी मंडळात मृदंग शिकणारा पोरगा पहिल्या दिवशी ठेका धरीत नाही. नुसते हाताचे बोल बसायला महिने जातात आणि त्याचे त्याला काही वाटत नाही. तहसिलीत अर्ज दिला म्हणजे दाखला त्याच दिवशी हातात पडतोच असे नाही, हे तर सर्वांना ठाऊक आहेच. शरीराच्या कचेरीतही कागद सावकाशच पुढे सरकतो.

मोबाईलवर पाहून शिकणाऱ्यांची एक अडचण होते. पडद्यावर दिसते ते आसनाचे शेवटचे रूप. तिथवरच्या पायऱ्या दिसत नाहीत. पश्चिमोत्तानासनाचेच घ्या. पाय पसरून बसायचे आणि पुढे वाकायचे. शिकाऊ मनुष्य नाक गुडघ्याला लावण्यासाठी पाठीची कमान करतो आणि कमरेत उसण भरून घेतो. वाकायचे आहे ते खुब्यातून. गुडघे थोडे दुमडले तरी चालतील, हात पोटरीपर्यंतच गेले तरी चालतील, पाठ मात्र लांब राहिली पाहिजे. भुजंगासनात ह्याच्या उलट चूक होते. हातांनी जोर देऊन छाती उचलली जाते. हात नुसते टेकलेले असावेत, बेंबी जमिनीला चिकटलेली असावी आणि उचलणे पाठीच्या स्नायूंनी व्हावे. मग छाती चारच बोटे उचलली जाते, पण दिवसभर पुढे वाकलेल्या पाठीला हवे असते ते नेमके हेच. वृक्षासनात तळवा मांडीच्या आतल्या बाजूला किंवा पोटरीला टेकवावा, गुडघ्यावर कधीच नाही, आणि नजर समोरच्या एका खांबावर ठेवावी. नजर हलली की तोल गेलाच.

ताण आणि कळ ह्यांतला फरक ज्याला कळला त्याला निम्मी विद्या आली. ताण स्नायूत पसरट जाणवतो आणि श्वास चालू ठेवला की थोडा सैल होतो. कळ सांध्यात एका जागी सुईसारखी येते. कळ आली की तिथेच थांबायचे. गुडघा दुखत असता हट्टाने पद्मासन घालण्यात काही पुण्य नाही. मांडी नीट बसत नसेल तर चार-सहा बोटे उंच घडीवर बसावे, म्हणजे गुडघे खुब्याच्या खाली येतात, आणि दर वेळी वरचा पाय बदलावा.

रक्तदाब, हृदयविकार, मणक्याचे किंवा मानेचे दुखणे, अंतर्गळ, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया असणाऱ्यांनी, तसेच गरोदर भगिनींनी डॉक्टरांना विचारूनच सुरुवात करावी. शीर्षासन व सर्वांगासन शिक्षकाशिवाय कोणीच करू नये, मग तो कितीही दणकट असो. जेवणानंतर तीन-चार तास जाऊ द्यावेत. आणि मधुमेहाची किंवा रक्तदाबाची गोळी आसने सुरू केली म्हणून परस्पर बंद करू नये. ही चूक शिकलेली माणसेही करतात.

सर्वांत सोपे म्हणून शवासनाची थट्टा होते. ''ते तर आम्ही रोज करतो'' असे कोणीतरी म्हणतेच. परंतु जागे राहून, एकही अवयव न हलवता, पाच मिनिटे पडून पाहावे. दुसऱ्याच मिनिटाला डाळिंबाची फवारणी, सोसायटीचा हप्ता, मुलीचे स्थळ, सगळे येऊन उशाशी बसते. त्यांना बसू द्यावे आणि आपण श्वासाकडे लक्ष ठेवावे.

सभामंडपाची नवी फरशी पहाटे फार गार असते. ज्यांना काकड्यानंतर अर्धा तास थांबून शिकायचे असेल त्यांनी घोंगडी घरूनच आणावी. विटांसाठी धावपळ करू नये. बांधकामातून उरलेल्या पुष्कळ विटा मागच्या भिंतीला रचलेल्या आहेत.