गोडंबी फोडणारे हात



आसेगावच्या श्रोत्यांपुढे बिब्ब्यावर बोलणे म्हणजे धाडसच. वऱ्हाडातल्या कित्येक आयाबहिणींना हे फळ कातडीला बसलेल्या चटक्यांवरून ठाऊक असते. तरी आम्ही हाच विषय घेतला, कारण बाळंतिणीच्या लाडवातली गोडंबी सर्वांच्या ओळखीची. ती फोडणारीच्या हातांकडे मात्र पाहतो कोण?

बिब्बा हा आंबा, काजू व चारोळी यांचा भाऊबंद. काजू पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलहून आणला. बिब्बा इथलाच, संस्कृतातला भल्लातक. काजूसारखेच त्याला नारिंगी बोंड येते, ते वाळवून खातात. बोंडाच्या टोकाला काळे बी. त्याच्या टरफलात बारीक कप्पे असतात आणि त्यांत जहाल तेल. अंगावर उडाले की फोड आलाच! धोबी याच तेलाने, चुन्याच्या जोडीने, कपड्यांवर खुणा करीत. त्या धुण्याने जात नसत. मग बोटांवरची खूण तरी कशी जावी?

वाळलेले बी दगडावर ठेवून एकेक फोडायचे. हातांना राख किंवा तेल चोळायचे, तेवढेच चिलखत. घाव जड पडला तर आतली गोडंबी चुरते आणि अख्ख्या गोडंबीचा भाव मिळत नाही. हलका पडला तर बी दाद देत नाही. हा अंदाज पुस्तकातून येत नाही, आणि मजुरी ठरवताना तो कोणी धरीतही नाही.

ऑस्ट्रेलियात मॅकॅडेमिया नावाचे असेच कठीण कवचाचे रानफळ आहे. तेथील मूळ रहिवासी ते वेचून, दगडाने फोडून खात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ते हवाई बेटांवर गेले; पुढे तेथे बागा झाल्या, फोडण्याची यंत्रे आली. आमचा बिब्बा मात्र बांधावर आपोआप उगवतो आणि अडचण झाली की तोडला जातो. २००६ च्या वनहक्क कायद्याने वनवासी कुटुंबांना गौण वनोपज गोळा करण्याचा व विकण्याचा हक्क दिला हे खरे. पण हक्काने हात भाजायचे थांबत नाहीत.

काजूच्या कारखान्यांत बी आधी वाफवून मग पायाने चालणाऱ्या यंत्रावर कापतात. बिब्ब्याचे बी लहान, तेव्हा तेच यंत्र जसेच्या तसे चालेल असे नव्हे. अकोल्याचे कृषी विद्यापीठ काही परमुलखात नाही. गावाने मिळून तेथे चौकशी करावी, आणि जाताना फोडणाऱ्या दोघी-तिघींना सोबत न्यावे. बी किती वाळले की कसे फुटते, हे तेथे त्यांनाच सांगावे लागेल.