जुन्या मोटारीची ब्रेकपरीक्षा

इंग्लंडांत तीन वर्षांहून जुन्या मोटारीला सामान्यतः दरवर्षीं रस्त्यावर चालण्याच्या लायकीची परीक्षा द्यावी लागते. ही पद्धत १९६० सालीं सुरू झाली. साधी मोटार फिरत्या रुळांवर चढवून ब्रेकचा जोर मोजतात. परंतु १९९० नंतरच्या दशकांतील लँड रोव्हर डिफेंडरचीं चारही चाकें इंजिनाला कायमचीं जोडलेलीं असतात. एकच जोडी रुळांवर फिरविल्यास दांतेरी चक्रांना इजा होण्याचा संभव असतो. म्हणून ती मोकळ्या रस्त्यावर हांकून वेग किती झपाट्यानें उतरतो हें मापकावर पाहतात. पायाच्या ब्रेकची कार्यक्षमता निदान ५० टक्के व हातब्रेकची १६ टक्के भरावी लागते.

हा हातब्रेक चाकांवर नसून मागील चाकांकडे जाणाऱ्या फिरत्या दांड्यावर असतो. शेजारच्या पेटींतलें तेल झिरपून अस्तरावर आलें, कीं त्याची पकड जाते. मग नुसतें पुसून भागत नाहीं. गळती थांबवून अस्तर बदलावें लागतें.

परीक्षा उतरली तरी एक धोका उरतोच. मागचें एक चाक जॅकनें उचललें, कीं तें मोकळें फिरूं शकतें, आणि हातब्रेक ओढलेला असूनही गाडी उतारावरून घरंगळते. म्हणून गाडीखालीं शिरण्यापूर्वीं इतर चाकांना लांकडी ठोकळे लावणें, ही मालकाच्या शहाणपणाची खरी परीक्षा होय.