दाराची कडी



कापसाच्या भावाचं सकाळी बोलून झालं. आता कापूस ज्या गाडीतून जिनिंगवर जातो, तिच्याविषयी. जुन्या ट्रकच्या दाराची बाहेरची कडी तुटली की आपण सुतळी बांधतो, आणि हंगाम काढतो. पण भरलेली गाडी विजेच्या तारेला घासून पेटली, तर आत अडकलेल्या ड्रायव्हरला बाहेरून कोण काढणार?

नवी कडी आणण्याआधी दाराचं आतलं कव्हर खोला. पुष्कळदा कडी शाबूत असते. तिच्यापासून लॉककडे जाणारी सळई तेवढी क्लिपमधून निसटलेली असते. क्लिप काही रुपयांची, कडीचे पैसे कशाला घालवता? कडीच मोडली असेल तर चिकटवू नका, टिकत नाही. भरल्या गाडीवर वेल्डिंग तर नाहीच नाही. घेताना डावी-उजवी बघा. जुन्या कडीतलं कुलूप नवीत बसत असेल तर तेच बसवा, चावी एकच राहते.

दार उघडं ठेवूनच लॉकचा खटका स्क्रू-ड्रायव्हरनं बंद करा आणि कडी ओढा. खटका सुटला तरच दार लावा, नाहीतर बाहेरून उघडणार नाही. दाराच्या बुडाची भोकंही मोकळी करा. कापसाच्या तंतूंनी, धुळीनं ती बुजतात, पाणी साचतं आणि पत्रा गंजतो.