शंभरात सात नव्हे, दहात सात

आमच्या गटातल्या एकीच्या लेकीचं कॉलेजचं गुणपत्रक आलं. खाली आकडा ७.२. बापाला वाटलं, शंभरात सात! कॉलेज बंद करायला निघाला. मग आम्हीच हिशेबाला बसलो.

प्रत्येक विषयाला क्रेडिट असतात, म्हणजे त्या विषयाचं वजन. मिळालेल्या श्रेणीला दहापैकी पॉइंट. समजा, ४ क्रेडिटच्या विषयात ८ पॉइंट, झाले ३२. २ क्रेडिटच्या विषयात ६, झाले १२. बेरीज ४४, भागिले ६ क्रेडिट, आले ७.३३. चार किलो कांदे आठच्या भावानं अन् दोन किलो सहाच्या भावानं घेतले, तर सरासरी भाव असाच काढतो ना आपण? (आता त्या भावात कांदे कुठले!) नापास विषयाला मात्र शून्य धरतात, म्हणून जास्त क्रेडिटचा विषय राहिला की आकडा धाडकन पडतो.

बापाला कांद्याचा हिशेब लगेच कळला. सोमवारी पोरगी एसटीनं कॉलेजला गेली.