तास विकणं आणि वस्तू विकणं
(मंडळाच्या निधिसंकलन कार्यक्रमातील भाषण)



मी काही मोठा उद्योगपती नाही. इथे न्यू जर्सीत माझी पाच माणसांची, पदरच्या पैशांवर चालणारी सॉफ्टवेअर कंपनी आहे. पण समोर बसलेल्यांपैकी बरेच जण कन्सल्टिंगमध्ये आहेत, तेव्हा विषय तसा घरचाच.

कन्सल्टिंग म्हणजे तास विकणं. माणसाचे महिन्याचे साधारण १६० तास. ते संपले की कमाई संपली. जास्त हवं तर आणखी माणसं घ्या. त्यात माणूस एच-वन-बीवर असेल तर प्रोजेक्ट नसतानाही त्याला पगार द्यावा लागतो, इथला कायदाच तसा आहे. प्रॉडक्टचं उलट. आधी नुसता खर्च, पण एकदा बनलं की दहाव्या गिऱ्हाइकासाठी ते पुन्हा बनवावं लागत नाही.

मग मधला काळ काढायचा कसा? शिकागोची 'थर्टीसेव्हन सिग्नल्स' १९९९ मध्ये वेबसाइट डिझाइन करणारी कंपनी म्हणून सुरू झाली. गिऱ्हाइकांची कामं सांभाळायला त्यांनी स्वतःसाठी एक साधन बनवलं, तेच २००४ मध्ये 'बेसकॅम्प' म्हणून विकायला काढलं. अटलांटाच्या 'मेलचिम्प'चे संस्थापकही वेबसाइट बनवून द्यायचे. ई-मेलचं प्रॉडक्ट २००१ पासून जोडधंदा होता. २००७ मध्ये त्यांनी बाकीचं काम सोडलं. बाहेरचा गुंतवणूकदार न घेता वाढलेली ही कंपनी २०२१ मध्ये इन्ट्यूइटने सुमारे १२ अब्ज डॉलर्सना घेतली.

आणि आपल्या पुण्याचे कैलास काटकर! कॅल्क्युलेटर, मग कॉम्प्युटर दुरुस्त करायचे. दुरुस्तीला येणाऱ्या मशीनमध्ये व्हायरस असायचे, म्हणून धाकटे भाऊ संजय यांनी अँटिव्हायरस लिहिला. तेच 'क्विक हील'. बाहेरची मोठी गुंतवणूक आली ती २०१० मध्ये, आणि २०१६ मध्ये कंपनी शेअर बाजारात उतरली.

तिघांपैकी कोणी आयडिया शोधत बसलं नव्हतं. रोजच्या कामात तेच ते दुखणं वारंवार दिसलं, त्यावर त्यांनी औषध काढलं. आणि ते तयार होईपर्यंत चूल पेटती ठेवली सर्व्हिसने.

दोन गोष्टी मात्र सांभाळा. एक, करार नीट वाचा. गिऱ्हाइकासाठी लिहिलेला कोड बहुधा त्याच्याच मालकीचा ठरतो. दोन, व्हिसावर असाल तर जोडधंदा काढण्याआधी वकिलाला विचारा.

आता माझं. किराणा मालाच्या छोट्या गोदामांसाठी आम्ही एक प्रॉडक्ट केलंय. कुठल्या खोक्याची एक्स्पायरी कधी, हे ते आधीच सांगतं. दर शुक्रवारी गिऱ्हाइकाचं बिलिंग बंद, त्या दिवशी फक्त हेच काम. आज १४ गोदामं दरमहा पैसे देतात, त्यात पाचांपैकी दोघांचे पगार निघतात. गेल्या महिन्यात जुन्या गिऱ्हाइकाने पाचही माणसं दीड वर्षासाठी मागितली. पैसे उत्तम. पण तेवढ्यात १४ गोदामं हातची जातील. आमचे हिशेब बायको बघते. ती म्हणाली, "घराचा हप्ता निघेल एवढं बघ, बाकी तू ठरव." मी तीनच माणसं देऊ केली आहेत. उत्तर अजून आलेलं नाही. नाही म्हणाले तर सहा महिने ओढाताण आहे, हे आम्हा पाचही जणांना ठाऊक आहे.

जाता जाता एक सांगतो. १४ गोदामांचे दरमहाचे छोटे चेक मला जो धीर देतात, तो एकरकमी मोठ्या बिलाने कधी दिला नाही. आज ज्या वसतिगृहासाठी आपण जमलोय, तिथेही मुलींची जेवणं रोजची आहेत. तेव्हा फॉर्म भरताना 'दरमहा' या चौकटीवर खूण करा. रक्कम छोटी असली तरी चालेल!