जुनी मोटारसायकल घेताना मीटर कसे वाचावे?



उसाचे बिल किंवा कांद्याची पट्टी हातात आली की आपल्यापैकी अनेकजण जुनी मोटारसायकल पाहू लागतात. "गाडी किती पळाली?" असे विचारले की मालक मीटरकडे बोट दाखवतो. तो आकडा कितपत खरा मानावा, यावरच मी आज बोलणार आहे. रंग, आरसे, नवे सीट यांविषयी बोलत नाही. ते आदल्या दिवशीही बदलता येते.

आधी तोंडी हिशेब करावा. समजा, मालक म्हणाला, गाडी पाच वर्षांची आहे आणि रोज दोन वेळा दूध घेऊन डेअरीला जाते. डेअरी सहा किलोमीटरवर असेल तर जाऊन-येऊन बारा, दिवसाचे चोवीस. वर्षाला ८,७६० आणि पाच वर्षांत ४३,८०० किलोमीटर झाले. बाजार, पाहुणे, तालुक्याच्या फेऱ्या वेगळ्याच. मीटर १९,००० दाखवत असेल तर मधले किलोमीटर गेले कुठे?

मालक लबाडच असतो असे नाही. जुन्या गाड्यांत बहुधा पुढच्या चाकातून मीटरला केबल जाते. ती तुटली की काटाही थांबतो आणि आकडेही. तशीच दोन-दोन वर्षे गाडी चालवणारे आपल्यातही आहेत. गाडी चालवून पाहताना काटा हलतो का, आकडा पुढे सरकतो का, हे बघावे. डिजिटल मीटरवरही डोळे झाकून विसंबू नये, कारण मीटरच बदललेला असू शकतो.

आता सर्व्हिसचे पुस्तक. त्यात तारीख आणि किलोमीटर दोन्ही लिहिलेले असतात. मागच्या नोंदीत २८,००० आणि आज मीटरवर २२,००० असतील तर व्यवहार तिथेच थांबवावा. मोफत सर्व्हिस संपल्यावर पुस्तक बहुधा कोरेच राहते, कारण गाडी गावातल्या मिस्त्रीकडे जाऊ लागते. त्यात गैर काही नाही. मात्र मग त्या मिस्त्रीला गाठावे. इंजिन कधी खोलले, ऑइल वेळेवर बदलले जात होते का, हे पुस्तकापेक्षा तो चांगले सांगतो.

गाडीचे अंगही बोलते. फूटरेस्टचे रबर झिजून गुळगुळीत झाले असेल, चेनच्या चक्राचे दाते टोकदार होऊन एका बाजूला झुकले असतील, तर गाडी बरीच चालली आहे. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला टायर. गाडी २०१९ ची, टायर २०२२ चे आणि मीटरवर आठच हजार, हे जुळत नाही.

दुधाच्या गाडीकडे जास्त बारकाईने पाहावे. चाळीस लिटरचे दोन कॅन म्हणजे नुसते दूधच ऐंशी किलोंहून जास्त. मागच्या शॉकॲब्सॉर्बरमधून तेल गळते का, कॅरिअरजवळ चासीला वेल्डिंग केले आहे का, हे तपासावे. मीटर अंतर मोजतो, ओझे आणि चिखल मोजत नाही. म्हणून डांबरी रस्त्यावर ५०,००० चाललेली, नोंदी असलेली गाडी मी शेतरस्त्यावर २०,००० चाललेल्या बिनपुस्तकी गाडीपेक्षा पसंत करीन.

गाडी पाहायला सकाळी, न कळवता जावे. इंजिन थंड असतानाच सुरू करून पाहावे. निळसर धूर निघाला तर ऑइल जळते आहे असे समजावे.

कागदांचे थोडक्यात सांगतो. इंजिन व चासीचे नंबर आर.सी. बुकाशी स्वतः ताडून पाहावेत. नोंदणीला पंधरा वर्षे होत आली असतील तर नूतनीकरणाचा खर्च किमतीतून वजा करावा. कर्जाचा बोजा असेल तर बँकेचा ना-हरकत दाखला व फॉर्म ३५ घ्यावा. नाव बदलण्यासाठी फॉर्म २९ आणि ३० वर मालकाच्या सह्या झाल्याशिवाय पूर्ण रक्कम हातात देऊ नये.