रेघ कोणाच्या शेतातून जाते?



गावात नवी चारी निघणार, रस्ता रुंद होणार किंवा पाण्याची टाकी बांधली जाणार असं ठरलं, की आधी आराखडा तयार होतो. पूर्वी तो ट्रेसिंग कापडावर शाईनं काढत. आता संगणकावर कॅड प्रणालीत काढतात. चारीची रुंदी, भिंतीची जाडी, वळणाची त्रिज्या, सारं त्यात अगदी काटेकोर असतं. एक गोष्ट मात्र बहुधा नसते. हे बांधकाम पृथ्वीच्या पाठीवर नेमकं कुठं आहे, हे त्या आराखड्याला ठाऊक नसतं.

दुसरीकडे संगणकावरचा नकाशा असतो. त्याच्या प्रणालीला जीआयएस म्हणतात. तिथं प्रत्येक बांधाला, विहिरीला, रस्त्याला स्वतःची जागा असते. चारी कोणत्या गटातून जाते आणि कोणाचे किती गुंठे जातात हे काढायचं, तर आराखड्यातल्या आकृती या नकाशात आणाव्या लागतात. काम कचेरीत बसून होतं, पण ते चुकलं तर नोटीस भलत्याच शेतकऱ्याच्या दारात जाते आणि ज्याची जमीन खरोखर जाणार, तो निर्धास्त बसून राहतो. म्हणून हा विषय केवळ तंत्रज्ञांचा नाही.

शाळेत आपण निर्देशक भूमिती शिकलो. एक आरंभबिंदू, एक आडवा अक्ष, एक उभा अक्ष. आराखडा काढणारा आपल्या सोयीनं हा आरंभबिंदू धरतो. पंपघराचा कोपरा म्हणजे शून्य, शून्य. त्याच्या कामापुरतं ते पुरेसं असतं. पण ही फाईल तशीच नकाशात टाकली आणि संगणकानं ते आकडे अक्षांश-रेखांश समजले, तर आपलं पंपघर आफ्रिकेच्या पश्चिमेला, गिनीच्या आखातात जाऊन पडतं! कारण शून्य अक्षांश आणि शून्य रेखांश तिथं मिळतात. ही चूक इतकी ढोबळ असते, की लगेच ध्यानात येते. खरी भीती छोट्या चुकांची.

पहिला प्रश्न मापाचा. आराखड्यात एका रेघेची लांबी ५०० आहे. पाचशे काय? मीटर, फूट की मिलिमीटर? पुष्कळदा फाईलमध्ये ते लिहिलेलं नसतं. त्यावर उपाय साधा आहे. जमिनीवर सापडतील असे दोन बिंदू घ्यावेत आणि त्यांतलं अंतर प्रत्यक्ष मोजावं. ते ५०० मीटर भरलं तर माप मीटरचं, १५२.४ मीटर भरलं तर फुटांचं.

दुसरा प्रश्न दिशेचा. लांबट आराखडा कागदावर नीट बसावा म्हणून तो बऱ्याचदा फिरवून काढलेला असतो. कागदाची वरची बाजू म्हणजे उत्तर, असं गृहीत धरून चालत नाही. म्हणून आराखड्याला जागेवर बसवण्यासाठी ओळखीचे बिंदू लागतात. पुलाचा कठडा, विहिरीची कड, तीन गावांच्या शिवा मिळतात तिथला दगड. अशा ठिकाणी अचूक जीपीएस यंत्रानं निर्देशक घ्यायचे आणि आराखड्यातले तेच बिंदू त्यांच्याशी जुळवायचे. गणितापुरते दोन बिंदू पुरतात. शहाणा माणूस चार-पाच घेतो आणि एक मुद्दाम बाजूला ठेवतो. बाकीच्या बिंदूंवर आराखडा बसवल्यावर हा राखून ठेवलेला बिंदू आपल्या जागी आला, तर काम बरोबर. तो पाच मीटर दूर पडला, तर कुठंतरी घोळ आहे.

इथं एक मोह होतो. आराखडा नीट बसत नाही म्हणून तो रबरासारखा ताणला जातो. एक कोपरा ओढला, दुसरा दाबला, की दिसायला जुळतो. पण त्यात १२ मीटरची चारी एका टोकाला साडेअकरा आणि दुसऱ्या टोकाला साडेबारा होते. नव्या आराखड्याला सरकवावं, फिरवावं, माप बदलून घ्यावं. त्याचा आकार मोडू नये. जुना गावनकाशा कागदावरून उतरवलेला असतो आणि कागद हवेनं आक्रसतो. दोहोंत तंटा असेल, तर निवाडा जमिनीवरच्या मोजणीनं करावा.

तिसरा प्रश्न जरा गहन आहे. पृथ्वी गोल आणि नकाशा सपाट. गोल पृष्ठभाग सपाट करण्यासाठी यूटीएम नावाची पद्धत सर्रास वापरतात. तिच्यात पृथ्वीचे सहा-सहा अंशांचे पट्टे केले आहेत. महाराष्ट्राचा बराचसा भाग ४३व्या पट्ट्यात येतो. ७८ अंश रेखांशाच्या पूर्वेचा विदर्भ ४४व्या पट्ट्यात. अमरावती एका पट्ट्यात, नागपूर दुसऱ्या. गंमत अशी, की दोन्ही पट्ट्यांतले आकडे दिसायला सारखेच असतात. नागपूरचा आराखडा चुकून ४३व्या पट्ट्यात टाकला, तर तो सहा अंश पश्चिमेला सरकतो आणि गुजरातेत बारडोलीच्या आसपास जाऊन बसतो.

शिवाय गोलाचं सपाट करताना अंतरंही किंचित बदलतात. पट्ट्याच्या मधोमध, म्हणजे ४३व्या पट्ट्यात ७५ अंश रेखांशावर, नकाशातला किलोमीटर ४० सेंटिमीटरनं कमी भरतो. घराच्या नकाशात हे जाणवणारही नाही. दहा किलोमीटरच्या कालव्यात मात्र चार मीटरांचा फरक पडतो.

आणि चौथा प्रश्न इतिहासातून आलेला आहे. १८०२ साली विल्यम लॅम्बटन यांनी मद्रासजवळ पायारेषा मोजून ज्या कामाला हात घातला, त्यातून भारताची महान त्रिकोणमितीय मोजणी उभी राहिली. हे काम करता करताच १८२३ साली लॅम्बटन आपल्या वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला वारले. त्यांच्यानंतर जॉर्ज एव्हरेस्ट यांनी पृथ्वीच्या आकाराचे जे आकडे १८३०मध्ये ठरवले, त्यांवर भारताचे नकाशे दीडशे वर्षांहून अधिक काळ काढले गेले. आजचं जीपीएस मात्र डब्ल्यूजीएस ८४ नावाची वेगळी मोजपट्टी वापरतं. २००५च्या राष्ट्रीय नकाशा धोरणात सर्वसामान्यांसाठीचे नकाशे या नव्या मोजपट्टीवर आणायचं ठरलं.

म्हणजे एकाच विहिरीचे अक्षांश-रेखांश जुन्या आणि नव्या पद्धतीत वेगळे येतात. महाराष्ट्रात हा फरक शंभर मीटरच्या घरात किंवा त्याहून अधिक असतो. शंभर मीटर म्हणजे किती? एक हेक्टरच्या चौरस शेताची अख्खी बाजू! आराखडा जुन्या नकाशावरून काढला आणि नव्या पद्धतीचा समजून बसवला, की चारी शेजारच्या गटात गेलीच. पडद्यावर मात्र सगळं नीटनेटकं दिसतं. संगणक तक्रार करत नाही.

जागा जुळली तरी आकृतींची साफसफाई उरते. कॅडमध्ये शेताच्या चार रेघा कोपऱ्यावर बोटभर सुटलेल्या असल्या, तरी डोळ्याला चौकोन दिसतो. जीआयएसला तो चौकोन वाटत नाही. हद्द बंद असल्याशिवाय त्याला क्षेत्रफळ काढता येत नाही. गट नंबरही आराखड्यात नुसता लिहिलेला मजकूर असतो. तो त्या आकृतीला जोडून द्यावा लागतो, नाहीतर शेजाऱ्याचा नंबर आपल्या शेताला चिकटतो.

मग आपण नागरिकांनी काय करावं? २०१३च्या भूसंपादन कायद्यानुसार प्राथमिक अधिसूचना निघाल्यावर हरकत घ्यायला ६० दिवस मिळतात. त्या मुदतीत नकाशा पाहायला जाल, तेव्हा चार गोष्टी विचारा. याचं माप कोणतं? हा कोणत्या निर्देशक पद्धतीत आहे, पट्टा कोणता? जमिनीवरच्या कोणत्या बिंदूंवर बसवला? आणि राखून ठेवलेल्या बिंदूवर किती फरक आला? उत्तरं लेखी मागा. नकाशावर आपली विहीर किंवा बांधावरचं जुनं झाड शोधा आणि ते जागेवर आहे का, ते पाहा.

आराखडे करणाऱ्यांना विनंती एवढीच, की उत्तराचा बाण काढता, तसा नकाशाच्या कोपऱ्यात माप, पद्धत आणि बिंदूंचा तपशील लिहीत जा. दोन ओळींचं काम आहे. पण त्या दोन ओळी नसल्या, तर कोणाच्या तरी सातबाऱ्यावर नसती नोंद होते आणि ती पुसायला त्याला तालुक्याला वर्षानुवर्षं खेटे घालावे लागतात.